डाव्या बुटाचा आवाज

बूटकाकांनी सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या पायांशी ओळख ठेवण्यात घालवलं आणि एका सकाळी त्यांच्याच डाव्या पायाने त्यांना ओळख दाखवायचं सोडून दिलं. बुटाच्या लाकडी फर्म्यावर चामडं ताणून खिळा ठोकत होते. हातोडी उजव्या हातात तशीच राहिली, पण डाव्या हातातला फर्मा गळून पडला. तो उचलायला म्हणून उठले ते थेट आडवेच झाले. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. इस्पितळातून परत आले तेव्हा वाकडं झालेलं तोंड सरळ झालं होतं, हातात बराचसा जीव आला होता, वाचा तर पहिल्यापासूनच शाबूत होती. काकूंचं म्हणणं असं, की ती चार दिवस बंद राहिली असती तर सगळ्यांनाच विश्रांती मिळाली असती. पाय मात्र परत आला नाही. म्हणजे होता जागेवर, पण सांगितलेलं ऐकत नव्हता.

बूटकाका हे नाव गल्लीने दिलेलं. खाली त्यांचं दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर, मध्ये दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून एक अरुंद, उभा जिना. त्या जिन्याने इतकी वर्षं त्यांना रोज खाली आणलं, वर नेलं, आणि त्यांनी कधी त्याच्याकडे मान वर करून पाहिलंही नव्हतं. आता तो जिना कडा होऊन बसला. मग फर्म्यांच्या फळीखाली खाट टाकली आणि काका दुकानातच राहू लागले. दुसरी खाट तिथे मावत नव्हती. लग्न झाल्यापासून नवरा खाली आणि बायको वर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. काकू जेवणाचं ताट, चहा, औषधं, धुतलेले कपडे घेऊन दिवसभर जिना चढायच्या, उतरायच्या. त्यांचे गुडघे मुळातच कुरकुरे. उतरताना एक हात कठड्यावर आणि एक हात ताटावर, आणि तोंडाने "आले, आले" असं चालू. काका खालून बघत बसायचे आणि त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

लेक लांबच्या शहरात राहत होती. तिच्या इमारतीला लिफ्ट होती, न्हाणीघरात धरायला दांडे होते आणि एक खोली रिकामी होती. तिने फोनवर स्वच्छ सांगितलं, "बाबा, महिनाअखेरीपर्यंत तुम्ही जिना चढलात तर उत्तम. नाही तर मी गाडी घेऊन येते आणि तुम्हा दोघांना घेऊन जाते. आई त्या जिन्यात पडली तर मी कोणाकोणाला बघू?"

तिचं काही चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. काकांना लेकीचं घर ठाऊक होतं. तिथे सगळं होतं, फक्त त्यांना करायला काही नव्हतं. तिथे ते खिडकीशी खुर्ची टाकून बसले असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याने "काय काका, बरे आहात ना?" म्हणून पुढे गेलं असतं. दुकान एकदा बंद झालं की परत उघडत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. तेव्हा जिना चढणं म्हणजे नुसतं जिना चढणं नव्हतं.

पायाला शिकवायला एक बाई यायच्या. काका त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचे आणि त्या दर वेळी "डॉक्टर नाही हो, फिजिओथेरपिस्ट" म्हणायच्या, मग दोघंही दमले आणि नुसतं 'बाई' उरलं. बाई वयाने काकांच्या लेकीएवढ्या, अंगाने बारीक, पण काकांना खाटेवरून असं उभं करायच्या की त्यांच्या दंडात एवढी ताकद कुठून येते, ते काही कळायचं नाही. त्यांनी नडगीवर दोन चिकट पट्ट्या लावून बारीक करंट सोडला की काकांचा घोटा टुणकन वर उडायचा. "बघा, तार तुटलेली नाही," बाई म्हणायच्या. "निरोप पोहोचत नाहीये, एवढंच." मग गल्ल्याच्या फळीला धरून उभं राहायचं, सगळं वजन डाव्या पायावर टाकायचं, मग उजव्यावर, मग परत डाव्यावर. खुर्चीतून हात न लावता उठायचं, बसायचं. पावलाला आधार म्हणून घोट्याला प्लास्टिकची पट्टी, तिच्यासकट पाय मावेल असा रुंद बूट काकांनी स्वतःच बेतून घेतला होता. शेवटी चालायचं, गल्ल्यापासून दारापर्यंत आणि परत.

चालताना बाई एक चमत्कारिक गोष्ट करायच्या. पाठ फिरवून उभ्या राहायच्या.

"माझ्याकडे बघा तरी," पहिल्या दिवशी काका म्हणाले होते. "चालतोय मी, भिंत नाही चालत."

"पेशंट बघणाऱ्यासाठी चालतो, काका. मी बघायला लागले की तुम्ही छाती काढून चालता आणि मी गेले की परत फरफटता. आधी थोडं बघून घेतलं, आता ऐकीन. कान फसत नाहीत."

आणि ऐकायला येत होतं ते असं : उजव्या पायाचा ठक, आणि डाव्याचा खर्र. पावलाचा पुढचा भाग उचलला जात नव्हता, चवडा जमिनीवरून घासत यायचा. ठक, खर्र. ठक, खर्र. "टाच आधी, काका," बाई भिंतीला सांगायच्या. "चवडा वर. मांडीतून नका ओढू, घोट्यातून उचला." काका घाम गाळायचे आणि उत्तर यायचं, खर्र.

"हा आवाज ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवशी आपण जिन्याला हात घालू," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. निदान एका बूट बनवणाऱ्याच्या पुढ्यात तरी नको होतं.

त्या आवाजाने काकांना तसाही वीट आणला होता. गिऱ्हाईक दारात उभं असलं की ते मुद्दाम खाटेवरून उठायचे नाहीत. ज्याचा स्वतःचा बूट घासतो त्याच्याकडे कोण बूट शिवायला टाकणार? पहिल्यांदा त्यांनी फरशीला दोष दिला, मग प्लास्टिकच्या पट्टीला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मग एका दुपारी डावा बूट मांडीवर घेऊन बघितला. तळाचा पुढचा भाग घासून घासून खाल्ला गेला होता. दुसरा एखादा असता तर ते बघून त्याला पायाची काळजी वाटली असती. काकांना तळाची वाटली.

आणि हातांनी आपलं काम सुरू केलं. त्यांनी आयुष्यात एकही पाय सरळ केला नव्हता. कोणाचा एक पाय आखूड, त्याला आतून टाच चढवून दिली. कोणाचं हाड बाहेर आलेलं, तिथे चामडं ठोकून खोलगट केलं. पाय जसा असेल तसा असो, बुटाने तो झाकायचा, ही त्यांची विद्या. तेव्हा त्यांनी खाल्ला गेलेला भाग कापून काढला, तिथे कडक चामड्याचा एक तुकडा बेमालूम बसवला, काचेने घोटला, त्यावर मेण चढवलं, परत घोटला. बूट घालून उभे राहिले आणि दारापर्यंत गेले. ठक, आणि मग काहीच नाही. चवडा जमिनीवरून मुकाट सरकत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ते परत फिरतात तोच जिन्यावरून धडपडत पावलं आली. काकू अर्ध्या जिन्यात उभ्या, ओले हात पदरात तसेच धरलेले, चेहरा उतरलेला.

"काय झालं गं?"

"आवाज येईना तुमचा." काकू कठडा धरून खाली बसल्या. "खालून ती खरखर येत असते तोवर बरं असतं. म्हणते, चालतायत, आहेत. मघाशी पावलं सुरू झाली आणि खरखर काही येईना. म्हटलं पडलात की काय."

"पडतोय कशाला? पाय सुधारला!" काका म्हणाले. चाचणी म्हणून केलेलं कसब तोंडातून बातमी होऊन बाहेर पडलं, आणि एकदा पडलं ते पडलं. काकूंचा चेहरा असा उजळला की खरं काय ते सांगायचं काकांच्या जिभेवर आलेलं तिथेच राहिलं. आपला पाय सुधारला असता तर किती बरं झालं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. काकूंनी वर जाऊन पहिला फोन लेकीला लावला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नेहमीप्रमाणे पाठ फिरवली. काका चालले. बाईंनी परत चालवलं, मग आणखी एकदा, या वेळी मान वळवून. "कंबर अजून उचलताय थोडी," त्या वळून म्हणाल्या, "पण चवडा सुटला. कमाल आहे, काका." त्यांनी टाळी वाजवली, तेव्हा काकांना कसंनुसं झालं. चोराच्या मनात चांदणं. पण समोर जिना होता, वर दारात काकू उभ्या होत्या, आणि महिना संपत आला होता.

"चढताना चांगला पाय आधी," बाई म्हणाल्या. "मग दुबळा. मी मागे आहे."

उजवा पाय वर गेला. डावा मागून आला, पायरीच्या कडेला ठेचकाळला, पण चढला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. काकांना वाटलं, जमतंय की. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी त्यांनी पुढची पायरी जरा घाईनेच घेतली. डावा चवडा पायरीच्या निम्म्यावरच टेकला आणि घोटलेल्या मेणावरून सुळकन मागे आला. काका गुडघ्यावर आपटले आणि मागे कलले. चढण्याआधी काकांच्या कमरेला बांधलेला पट्टा बाईंनी धरून ठेवला. सोडला असता तर काकांचं डोकं खालच्या फरशीवर गेलं असतं. त्यांनी सोडला नाही, पण सगळं ओझं त्यांच्या उजव्या मनगटावर आलं आणि मनगट भिंतीशी दुमडलं. वरून काकू ओरडल्या.

काकांना खरचटलं तेवढंच. बाईंचं मनगट मात्र बघता बघता सुजलं. काकू बर्फ आणायला वर गेल्या. बाईंनी डाव्या हाताने काकांच्या पायातला बूट काढून घेतला, कारण घसरावं असं त्या पायरीवर काही नव्हतं. त्यांनी अंगठा तळावरून फिरवला. चवड्यापाशी तो थांबला, पुढे गेला, परत आला.

"हे कोणी केलं?"

"मी."

"कधी?"

"काल."

बाईंनी बूट उलटा करून मांडीवर घेतला. ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"काका, पायाला तोंड नसतं. तो मला त्या एका आवाजाने सांगत होता, मी अजून उचलला जात नाहीये म्हणून. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत." मग त्या आपल्या मनगटाकडे बघत म्हणाल्या, "आणि मीही शहाणी, नुसत्या कानावर विसंबले. कंबर दिसत होती मला." त्यांनी बूट खाली ठेवला. "आता या हाताने काही दिवस माणसं उचलायची नाहीत. येईन तेव्हा कळवीन."

बाईंचे हात हीच त्यांची हत्यारं आहेत, हे काकांपेक्षा जास्त कोणाला कळणार होतं? त्या गेल्यावर त्यांना खरोखर रडू आलं. लेकीला सगळा वृत्तांत गेलाच. "रविवारी येते," ती म्हणाली, "आणि आता जिन्याबिन्याचं नाव नको." काकू ताट घेऊन खाली आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "जित्याची खोड. मला तरी सांगायचंत."

"तुझं तोंड बघून सांगवेना."

"माझ्या तोंडाला काय झालंय? गेली इतकी वर्षं बघताय." ताट ठेवून त्या परत जिन्याकडे वळल्या. कठडा धरून, एकेक पायरी. काका बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चामडं कापायची रापी घेतली आणि तो घोटलेला तुकडा खरवडून काढला. मग खालच्या खणातून जुन्या बुटाची एक लोखंडी नाल शोधली. नाल टाचेला मारायची असते, शिकाऊ माणसालाही ते कळतं. काकांनी ती चवड्याच्या टोकाला ठोकली. सगळं आयुष्य पायाचे दोष झाकण्यात गेलं, आता एक बूट चुगलखोर निघाला तर निघू दे, असं म्हणून त्यांनी तो पायात चढवला.

पहिल्याच पावलाला फरशीवर असा खणखणाट झाला की समोरचा न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला. काका चालत राहिले. ठक, खण्ण. ठक, खण्ण. गिऱ्हाईक आलं तरी बसले नाहीत. न्हाव्याने विचारलं, "काय काका, दुकान बदललं की काय? लोहारकाम?" काका म्हणाले, "बिघाड कुठे आहे ते कळायला नको का?" वरून काकू, दर वेळी खण्ण झालं की, बत्त्याने जमिनीवर एक ठोका द्यायच्या. म्हणजे : ऐकलं, चवडा घासला. पहिल्या दिवशी वरखाली नुसती ठोकाठोक. खाली लोखंड, वर बत्ता. मग कधीतरी एक पाऊल पडलं आणि खालून काही वाजलं नाही, म्हणून वरूनही वाजलं नाही. काका जागीच थांबले. घोट्यात पुढच्या बाजूला, पट्टीच्या आत, काहीतरी ताणल्यासारखं झालं होतं. बाईंचा करंट लावल्यावर व्हायचं तसंच, पण आता करंट नव्हता. पुढचं पाऊल परत खण्ण. पण आता कुठून उचलायचं ती जागा त्यांना सापडली होती. दिवसभर ते त्या जागेच्या मागे लागले. कधी सापडायची, बरेचदा हुकायची.

शनिवारी बाई आल्या. हात गळ्यात बांधलेला. गल्लीच्या तोंडापासूनच त्यांनी आवाज ऐकला असणार, कारण दुकानात आल्या त्या हसत होत्या. त्यांनी बूट मागितला नाही, काही विचारलं नाही. डोळे भरून काकांच्या कमरेकडे, गुडघ्याकडे, घोट्याकडे बघत राहिल्या. मग पाठ फिरवली. आणखी काही वेळाने म्हणाल्या, "चार पावलांतली दोन वाजतायत. बाकीची दोन तुमची, काका. बुटाची नाहीत."

"जिना?"

"माझ्या हाताने नाही."

रविवारी लेक आली. गाडी दाराशी लावली. आत येऊन पहिल्यांदा वडिलांच्या पायातलं ते ध्यान बघितलं आणि कपाळाला हात लावला. बाईही आल्या होत्या. त्यांनीच लेकीला बाजूला घेतलं. "तुम्ही मागे उभ्या राहाल का? मी सांगते तसं. पट्ट्याला हात लावून ठेवायचा, पण ओढायचं नाही, ढकलायचं नाही. पडू लागले तरच धरायचं."

"आणि पडले तर?"

"पडलो तर तुझ्यासोबत येईन," काका म्हणाले. "एकदाच चढू दे. मग मी तोंड उघडणार नाही."

"तुम्ही आणि तोंड उघडणार नाही," लेक म्हणाली, पण मागे येऊन उभी राहिली. बाईंनी वर हाक मारली, "काकू, तुम्ही बघायचं नाही. पाठ करून कामाला लागा."

उजवा. ठक. मग डावा, आणि पायरीच्या कडेला खण्ण. पुन्हा उजवा. खण्ण. लेकीचा श्वास काकांना मानेवर लागत होता. मागच्या वेळी जिथे घसरले ती पायरी आली, तेव्हा ते थांबले. वर, बंद दाराच्या पलीकडे, भांड्याचा आवाज येत होता, म्हणजे काकू ऐकत होत्या आणि ऐकत नसल्याचं दाखवत होत्या. काकांनी घोट्यातली ती जागा शोधली. सापडली नाही. पुन्हा शोधली. टाच आधी. पाऊल पायरीवर पुरं टेकलं, खण्ण करून, पण पुरं टेकलं, आणि लोखंडाने पायरी धरून ठेवली.

पुढच्या पायऱ्या किती ते त्यांनी बघितलं नाही. कधी वाजलं, कधी नाही. वरच्या दोन-तीन अजिबात वाजल्या नाहीत. दार त्यांनी स्वतः ढकललं.

काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. खांदे वर घेतलेले, हातात धुतलेलंच भांडं परत धुणं चालू. दार उघडल्याचं त्या नळाच्या आवाजात त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी नळ बंद केला, कान दिला आणि घाबऱ्या आवाजात जिन्याला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अहो! थांबलात का? कुठे अडकलात?"

"इथे," काका म्हणाले.

काकू वळल्या. काका उंबऱ्यात उभे होते. लेक दोन पायऱ्या खाली राहिली होती आणि तिचे हात पट्ट्यावर नव्हते.

या घराचा एक नियम होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात काकूंनी तो घातला होता : चामडं, डिंक आणि बूट खाली, माझ्या घरात नाही. इतक्या वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. सवयीने काका चौकट धरून डावा बूट काढायला वाकले, तोल गेला, सावरले, पुन्हा वाकू लागले.

काकूंनी येऊन त्यांचा दंड धरला. "राहू देत," त्या म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि मग परत म्हणाल्या, "राहू देत तो बूट. असेच आत या."